सिमेंटचे चाळीस किलो

त्या मंगळवारी सकाळी बाबांनी माझ्याशी अंड्याच्या बलकावरून भांडण काढलं.

"बलक काढून टाकायचा म्हणालीस ना काल? कागदावर तसं कुठंही लिहिलेलं नाही."

"मी पुस्तकात वाचलंय."

"तू पुस्तकं वाच, मी अंडी खातो. मीठ दे."

बाबांचं वय अडुसष्ट, वजन बासष्ट, आणि व्यायामशाळेत जायला लागून त्यांना पाच महिने झाले होते. त्याआधी पंचेचाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग पाट्या छापून मिळायला लागल्या, त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि ते घरी बसले. आई गेल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्यामुळे लाडात आले की ते मला 'ग्रंथपाल' म्हणत आणि चिडले की 'ग्रंथपालबाई'.

व्यायामाचं खूळ त्यांच्या डोक्यात पाण्याच्या बाटल्यानं घातलं. वीस लिटरचा भरलेला बाटला एका सकाळी त्यांच्याच्यानं ओट्यावर चढेना. मी आले, उचलला, ठेवला आणि कामावर निघून गेले. संध्याकाळी घरी आले तर फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. मथळा होता 'पहिले सहा महिने'.

कागद कोचचा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला टायरच्या दुकानावर कोचची व्यायामशाळा आहे. पस्तिशीचा, मानेला वेगळं अस्तित्व नसलेला आणि बोलायला अतिशय मऊ असा माणूस. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला तो हा कागद देई. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, वजनाच्या एका किलोमागे साधारण दीड ग्रॅम. आठ तास झोप. आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम, कारण स्नायू वाढतात ते विश्रांतीत. आधी पद्धत, मग वजन. वजन वाढवायचं ते दोन आठवड्यांनी, तेही इवलंसं. पाय टाळायचे नाहीत. कळ आली तर तिथल्या तिथं थांबायचं. आणि सगळ्यात शेवटी: 'आरशात रोज बघू नका. महिन्यातून एकदा पुरे.'

बाबांनी पहिल्याच दिवशी कागदाच्या मागे आकडेमोड केली.

"बासष्ट गुणिले दीड, त्र्याण्णव. एका अंड्यात सहा ग्रॅम. म्हणजे रोज साडेपंधरा अंडी."

"बाबा, याला आहार म्हणत नाहीत, पोल्ट्री म्हणतात."

"वरचं अर्धं तू खा."

मी त्यांना दूध, दही, डाळ, शेंगदाणे, फुटाणे असं सगळं जोडून दाखवलं तेव्हा कुठे अंडी चारावर आली. त्यातली दोन उकडून, सोलून, रुमालात गुंडाळून ते खिशात ठेवत. व्यायाम झाल्यावर लगेच हाताशी असावीत म्हणून. एकदा ते विसरले आणि बँकेतल्या खुर्चीवर बसले. घरी आल्यावर मला म्हणाले, "प्रथिनं वाया गेली." विजारीबद्दल चकार शब्द नाही.

कागदावरच्या सगळ्या सूचना ते पाळत, दोन सोडून. एक आरशाची. दर रविवारी ते खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंकडून टेप आणून दंड मोजत. टेप मी धरायची. सव्वीस सेंटीमीटर आलं की म्हणत, "वर धर जरा." वर धरलं की साडेसव्वीस. "बघ, वाढला." मी म्हणे, दंड नाही वाढला, टेप चढला. मग दिवसभर 'ग्रंथपालबाई'.

दुसरी सूचना वजन हळू वाढवायची. त्यांना ते दर सोमवारी वाढवायचं असे.

त्यातून अडचण अशी की व्यायामशाळेतली लोखंडी वजनं तरण्या पोरांसाठी होती. सगळ्यात लहान चकती पाच किलोची. बारच्या, म्हणजे उचलायच्या लोखंडी दांड्याच्या, दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम दहाची उडी. बाबा, त्यांच्या नादानं आलेल्या टेलरबाई आणि निवृत्त पोस्टमन, या तिघांना ती झेपणारी नव्हती. कोच विचारात पडला. बाबा म्हणाले, "त्यात काय, घरी बनवू."

घरात रंगाचे रिकामे डबे होते, लहान मोठे, पंचेचाळीस वर्षांचे. बाबांनी गच्चीत ते ओळीनं मांडले, मधोमध पाइपचा तुकडा उभा केला आणि तीन-चार बोटं सिमेंट ओतलं. वाळल्यावर डबा कापून काढला की भोक असलेली गोल चकती तयार. बारा चकत्या झाल्या. व्यायामशाळेच्या खिडकीखाली त्यांची मांडणी झाली आणि त्या जागेला 'नवशिक्यांचा कोपरा' नाव पडलं. कोचचा तिथं एकच नियम: ज्यानं उचललं त्यानंच जागेवर ठेवायचं. तो स्वतः त्या चकत्यांना हात लावत नसे.

आता माझा भाग सांगते. चकत्यांचं वजन करायचं आणि त्यांच्यावर आकडे रंगवायचे, हे काम माझ्याकडे होतं. काट्यावरचे बारीक आकडे बाबांना दिसत नसत, आणि हात थरथरतो म्हणून त्यांनी ब्रशही मला दिला. स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसले.

"किती?"

काट्यावर साडेसात होतं. मी म्हटलं, "दहा."

तोवर मी ग्रंथालयातली हृदयावरची तीन आणि म्हातारपणावरची चार पुस्तकं वाचून काढली होती. डॉक्टरांनी बाबांना तपासून व्यायामाला हो म्हटलं होतं, पण डॉक्टरांनी माझी सात पुस्तकं कुठे वाचली होती? दर सोमवारी बाबा कोचच्या मागे लागणार आणि कोच मऊ माणूस. मला दुसरा उपाय सुचला नाही.

पुढच्या चकतीला साडेतीन किलो. मी म्हटलं, "पाच."

"दहाचं शून्य जरा गोल काढ," बाबा म्हणाले. "अंडं झालंय त्याचं."

अशा, अगदी एक-दीड किलोच्या इवल्या चकत्यांसकट, बाराच्या बारा मी खोट्या आकड्यांनी रंगवल्या. बाबांपुरतं करायचं होतं, पण टेलरबाई आणि पोस्टमनही आयतेच फुगले. टेलरबाईंनी वीस किलो उचलले त्या दिवशी त्यांनी तीन गिऱ्हाइकांना दंड दाखवला आणि एकीचा ब्लाउज उगाच घट्ट शिवला. पोस्टमन मला जिन्यात म्हणाले, "आयुष्यभर पाठीवर टपाल वाहिलं, पण खरी ताकद आत्ता आली." मी म्हटलं, "दिसतेच आहे."

तर तो मंगळवार. त्या दिवशी बाबा चाळीस उचलणार होते. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मी कामावरून लवकर निघून थेट व्यायामशाळेत गेले. बारचे दहा, तो लोखंडी आणि खरा. दोन्ही बाजूंना माझा एकेक दहा आणि एकेक पाच. चाळीस. खरे बत्तीस. हा हिशेब मी मनात चारदा करून बघितला होता.

बाबा बारसमोर उभे राहिले. कोच म्हणाला, "पाठ सरळ. टाचा जमिनीत. श्वास भरा." बाबांनी श्वास भरला, गाल फुगवले, आणि बार जमिनीवरून सुटला. गुडघ्यापाशी जरा रेंगाळला, मग मांड्यांपर्यंत आला आणि बाबा सरळ उभे राहिले. टेलरबाईंनी शिट्टी वाजवली. ती त्यांना येते हे कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी बार हळूच खाली ठेवला आणि सगळ्यात आधी माझ्याकडे बघून हसले. मी टाळ्या वाजवत होते.

भिंतीवर कोचचा एक फळा होता, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं मोठ्यात मोठं वजन. बाबांनी खडू नाकारला. घरून लाल आणि काळा रंग आणला होता. उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून त्यांनी अर्धा तास खपून फळ्यावर लिहिलं: 'पेंटर – ४०'. आकड्याला मागे काळी सावली, तिरकी, कापल्यासारखी. तसं काम करणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

संध्याकाळी काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, काडीसारखे, आणि टीका हाच त्यांचा व्यायाम.

"या वयात दंड कुणाला दाखवायचेत, दादा?"

"तुला. दुसरं कोण येतं माझ्याकडे?"

"चाळीस किलो म्हणजे काय फार मोठं झालं?"

"तुझं वजन किती?"

"त्रेपन्न."

"आठ दिवस थांब. तुलाच उचलतो."

काका जाईपर्यंत ते दोघं असेच भांडले. बाबा वाटीभर दही खाऊन साडेनऊला झोपले, कारण कागदावर आठ तास होते.

बुधवारी सकाळी बाबा फिरायला निघण्यासाठी खुर्चीत बसून बूट घालत होते. मी स्वयंपाकघरात होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा बाहेर आले.

त्या दिवसाबद्दल एवढंच.

नंतर माणसं येत राहिली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक नस फार जुनी दुखणाईत होती, तपासणीत न दिसणारी. कधीही झालं असतं. बसल्या जागी झालं असतं, तसंच झालं. पण हे ऐकायला मी एकटीच होते. बाहेरच्या खोलीत काका बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आदल्या दिवशी चाळीस किलो उचलले हो. अडुसष्टाव्या वर्षी. त्या व्यायामशाळेनं खाल्लं माझ्या दादाला." येणारा आधी हळहळे आणि मग हटकून म्हणे, "चाळीस?" त्या स्वरात दुःखाच्या बरोबरीनं कौतुक असे. काकांच्या स्वरातही. मी पाण्याचे पेले फिरवत होते आणि मला ते ऐकायला आवडत होतं. खरं ते लिहायचं तर फार आवडत होतं. एकदा कोणीतरी पंचेचाळीस म्हटलं आणि मी दुरुस्त केलं नाही.

कोच दाराशी बसला होता. एवढा मोठा माणूस, पण चपलांच्या ढिगाशेजारी मावून गेला होता. काकांचं वाक्य त्यानं दिवसभरात किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. जाताना तो मान खाली घालूनच जिना उतरला. मी पेले घेऊन आत गेले.

तीन आठवड्यांनी टेलरबाई वर आल्या. एरवी त्या आधी हाक मारतात, मग दार वाजवतात, मग उत्तर येण्याआधी आत येतात. त्या दिवशी नुसत्याच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"कोचनं कोपरा बंद केला," त्या म्हणाल्या. "साठीच्या वरचं कोणी नको म्हणतो. मला म्हणाला, काकू, घरी बसा, फिरायला जा."

"मग जा ना फिरायला."

"तू मला शहाणपणा शिकवू नकोस." त्या आत आल्या आणि फतकल मारून जमिनीवर बसल्या. "बघ." आणि कशाचाही आधार न घेता, हात न टेकता, उठून उभ्या राहिल्या. "सहा महिन्यांपूर्वी मला मशीनच्या पायाला धरून उठावं लागायचं. तुझ्या बाबांनी ओढत नेलं मला तिथं. आता तो म्हणतो घरी बसा. पोस्टमन तर परत काठी घेऊन हिंडायला लागलाय, मुद्दाम माझ्या दुकानासमोरून."

"मी काय करू?"

"तू सांग त्याला. तू त्यांची मुलगी. तुझं ऐकेल."

"डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगितलं होतं, ते सांगितलं नाहीत का त्याला?"

"दहादा सांगितलं. तो म्हणतो, डॉक्टर घरच्यांना बरं वाटावं म्हणून तसं बोलतात. त्याच्या डोक्यात एकच बसलंय, चाळीस."

त्या गेल्या आणि मी कपाटातली पुस्तकं काढून परत लावत बसले. दोन दिवस मी हेच केलं. मला काय सांगायचं आहे ते मला ठाऊक होतं. पण फळ्यावर तो आकडा होता, लाल, मागे सावली असलेला. गल्लीतली पोरं तो दाखवायला मित्रांना वर आणत. बाबांनी पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवली. स्वतःचं म्हणून भिंतीवर ठेवलेलं एवढंच. ते मीच जाऊन बत्तीस करायचं? आणि लोकांना काय सांगायचं, की बाबांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं याचा मी फायदा घेतला?

शनिवारी दुपारी मी गेले. वाटेत काका भेटले. ते पण तिकडेच निघाले होते, काखेत पिशवी, पिशवीत पेचकस.

"फळा मागायला चाललोय," ते म्हणाले. "दादाच्या हातचं शेवटचं काम. त्या माणसाकडे कशाला राहायला हवं? माझ्या खोलीत लावतो."

"तुम्हाला तर चाळीस किलो काही मोठं वाटत नव्हतं."

काकांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाले, "मी माझ्या शेजाऱ्याकडची वीस किलोची धान्याची गोणी उचलून बघितली गं. नाही उचलली गेली. दादानं दोन उचलल्या."

वर व्यायामशाळा जवळपास रिकामी होती. दुपारी ती तशीच असते. टेलरबाई आणि पोस्टमन बाकावर बसले होते, धरणं धरल्यासारखे. पोस्टमनच्या हातात काठी होती खरी, पण ती त्यांनी उलटी धरली होती. कोच खिडकीखाली उकिडवा बसून सिमेंटच्या चकत्या पोत्यात भरायच्या तयारीत होता. पोतं उघडं होतं. चकत्यांना मात्र त्यानं अजून हात लावलेला नव्हता.

"कोच, तुझ्याच नियमानं बघ," टेलरबाई म्हणत होत्या. "ज्यानं उचललं त्यानं ठेवायचं. तू उचललं नाहीस, तू टाकायचं पण नाहीस."

"काकू, ऐका माझं."

"पाच महिने ऐकलंच ना? पाठ सरळ म्हणालास, पाठ सरळ. दही खा म्हणालास, दही. माझ्या सुनेला वाटलं मला दिवस गेले."

पोस्टमन खो खो हसले आणि मला बघून एकदम थांबले.

कोच उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, आणि खुर्ची आणायला वळला. मी म्हटलं, नको.

काका फळ्यासमोर जाऊन उभे राहिले होते. पिशवीतला पेचकस त्यांनी काढला नव्हता.

"हा कोपरा कशासाठी बंद करतोस?" मी कोचला विचारलं. "डॉक्टरांचं सांगणं तुझ्यापर्यंत आलंय ना?"

"आलंय."

"मग?"

त्यानं खिशातून एक कार्ड काढलं. प्रत्येकाचं असं एक कार्ड त्याच्याकडे असे, त्यावर महिन्यागणिक आखलेलं वजन. बाबांचं कार्ड कडेला मऊ पडलं होतं. पुष्कळदा हातात घेतलं असावं.

"हे बघा ताई. पाचवा महिना. पस्तीसच्या पुढे जायचं नाही, हे मीच लिहिलंय, माझ्या अक्षरात. त्यांची पाठ, वय, झोप, सगळं बघून लिहिलं होतं. आणि ते आले की सुरू, कोच, चाळीस, कोच, चाळीस. मला हसू यायचं. मला ते आवडायचे. माझ्या वडिलांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि हे असे मागायचे..." तो थांबला. "मी हो म्हटलं. मी आखलेली रेषा मीच ओलांडू दिली. डॉक्टर काही म्हणोत. ते पस्तीसवर असते तर मी मान वर करून तुमच्या दारात आलो असतो."

खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

काका माझ्याकडे वळले. "जाऊ दे आता. त्याला बोलून काय उपयोग?" ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "दादानं हट्ट केला असणार. लहानपणापासून तसाच. पण उचलले की नाही चाळीस? ते तर कोणी काढून घेत नाही ना?"

पोस्टमन म्हणाले, "अगदी. आणि मी तीस."

"अठ्ठावीस," टेलरबाई म्हणाल्या. "मी मोजत होते."

मी फळ्याकडे बघितलं. मग कोचच्या हातातल्या कार्डाकडे. कोच मला काही विचारत नव्हता. तो पुन्हा खाली वाकला आणि त्यानं पोत्याचं तोंड रुंद केलं.

"कोच, थांब," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ते चाळीस नव्हते. बत्तीस होते. चकत्यांवरचे आकडे मी लिहिलेत आणि सगळे खोटे लिहिलेत. काट्यावर घालून बघ हवं तर. टेलरबाई, तुमचेही खोटे आहेत, पोस्टमनकाका, तुमचेही. मला माफ करा. काका, फळा न्यायचा तर न्या, पण हे ऐकून न्या. कोच, तू आखलेल्या रेषेच्या पुढे ते एकदाही गेले नाहीत, कारण मी जाऊ दिलं नाही. त्यांना कळलं नाही. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून हसले आणि मी टाळ्या वाजवत राहिले. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मला भीती वाटायची. रोज वाटायची. मला बाबा हवे होते."